सर्वभाषा कविसंमेलन : आकाशवाणीच्या एका राष्ट्रीय कार्यक्रमाचा इतिहास आणि सेतुभाषेचा प्रश्न

'भारतीय साहित्य' अशी एकवचनी संज्ञा वापरावी की 'भारतीय साहित्ये' असे अनेकवचन अधिक रास्त मानावे, हा तौलनिक साहित्याभ्यासातील जुना वाद आहे. साहित्य अकादमीचे कार्य, विद्यापीठीय अभ्यासक्रम, अनुवादमाला आणि नियतकालिके यांच्या संदर्भात या वादाची चर्चा होत आली आहे. परंतु ही संज्ञा छापील पानावरून उचलून श्रोत्याच्या कानापर्यंत नेण्याचा एक प्रदीर्घ आणि नियमित प्रयत्न शासकीय नभोवाणीने केला आहे. प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला प्रसारित होणारे आकाशवाणीचे 'सर्वभाषा कविसंमेलन' हा तो प्रयत्न होय. १९५६ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमाची घडण कोणत्या परिस्थितीत झाली, त्याची रचना कशी आहे आणि त्या रचनेतून भारतीय कवितेविषयीची कोणती कल्पना श्रोत्यांपुढे उभी राहते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. कार्यक्रमाचा गौरव करणे अथवा त्याला केवळ सरकारी सोहळा म्हणून निकालात काढणे, यांपैकी कोणतीही भूमिका येथे अभिप्रेत नाही. भाषांतर ही ज्या कार्यक्रमाची अंतर्गत यंत्रणा आहे, त्याकडे भाषांतराचा इतिहास म्हणून पाहणे, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

१. पूर्वपीठिका

भारतातील नियमित नभोवाणीचा आरंभ इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राने २३ जुलै १९२७ रोजी केला. ही खाजगी कंपनी अल्पावधीतच डबघाईला आली. १९३० साली प्रसारणाची जबाबदारी सरकारने स्वीकारली आणि जून १९३६ मध्ये या सेवेला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. नावातील 'ऑल इंडिया' हे शब्द त्या वेळी वस्तुस्थितीपेक्षा आकांक्षेचे निदर्शक होते. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशाच्या वाट्याला दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली अशी अवघी ६ केंद्रे आली. देशाचा सुमारे २.५ टक्के भूभाग आणि सुमारे ११ टक्के लोकसंख्या एवढ्याच कक्षेत त्यांचा आवाज पोहोचत होता.

या यंत्रणेला प्रारंभापासून भाषेच्या प्रश्नाने ग्रासले होते. दिल्ली केंद्राच्या 'हिंदुस्तानी'वर ती फारसीप्रचुर असल्याचा आक्षेप हिंदीचे कैवारी घेत, तर संस्कृत शब्दांच्या भरतीला उर्दूचे पक्षपाती हरकत घेत. उर्दू विनोदकार पतरस बुखारी हे त्या काळी नभोवाणीच्या सर्वोच्च पदावर होते. सआदत हसन मंटो, कृश्नचंदर, उपेंद्रनाथ अश्क, नून मीम राशिद असे लेखक १९४० नंतरच्या काही वर्षांत दिल्ली केंद्राशी संबंधित होते. दोन्ही बाजूंना मान्य होईल असा बातम्यांसाठीचा शब्दसंग्रह तयार करण्याच्या कामात 'अज्ञेय' आणि चिराग हसन हसरत यांचा सहभाग होता. पुढे फाळणी झाली, हिंदुस्तानीचा पक्ष दुबळा झाला आणि आकाशवाणीची हिंदी संस्कृतनिष्ठतेकडे झुकली. सर्वभाषा कविसंमेलनात अनुवादाचे माध्यम म्हणून जी हिंदी श्रोत्याला ऐकू येते, तिच्यामागे हा सगळा झगडा उभा आहे. ती सर्वांसाठी सारखीच परकी किंवा सारखीच जवळची अशी तटस्थ भाषा कधीच नव्हती.

२. १९५६ : एका वर्षातील तीन घटना

स्वातंत्र्योत्तर 'राष्ट्रीय कार्यक्रमां'ची कल्पना बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या कारकिर्दीत आकाराला आली. पुण्यात जन्मलेले, काशी विद्यापीठात शिकलेले आणि पॅरिसमध्ये डॉक्टरेट मिळवलेले केसकर १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम २० जुलै १९५२ रोजी सुरू झाला आणि १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलने भरू लागली. देशभरच्या श्रोत्याने एका वेळी एकच अभिजात कलाकृती ऐकावी आणि त्यातून त्याची अभिरुची घडावी, हे या कार्यक्रमांमागचे सूत्र होते. याच धोरणाचा दुसरा भाग म्हणजे चित्रपटगीतांवरील निर्बंध. त्याचा परिणाम म्हणून श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली. लोकांना काय आवडते आणि त्यांना काय आवडावे, या दोहोंमधील हे अंतर सर्वभाषा कविसंमेलनाच्या वाट्यालाही आले आहे, हे विसरता येणार नाही.

१९५५ पासून आकाशवाणीचे महासंचालक असलेले जगदीशचंद्र माथुर हे प्रशासकीय सेवेतील अधिकारी होते, तसेच 'कोणार्क' या नाटकाचे लेखकही होते. साहित्यिकांना निर्माते व सल्लागार म्हणून सेवेत घेण्याचे धोरण या काळात बळावले. हिंदीत सुमित्रानंदन पंत आणि मराठीत पु. ल. देशपांडे व बा. भ. बोरकर ही त्यातील परिचित नावे. बा. सी. मर्ढेकर तर त्यापूर्वीपासूनच नभोवाणीच्या सेवेत होते. २० मार्च १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. पुणे केंद्रावरून एप्रिल १९५५ पासून वर्षभर प्रसारित झालेले ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' हे याच वातावरणाचे फळ होय. त्याचे पुढे अन्य भारतीय भाषांत अनुवाद झाले, हेही येथे लक्षणीय आहे. प्रादेशिक केंद्रावर एका भाषेत जन्मलेली कृती स्वतःच्या बळावर इतर भाषांत गेली. सर्वभाषा कविसंमेलनाची वाट याच्या उलट आहे. तेथे भाषांतराची योजना आधी असते आणि कविता त्या योजनेत येऊन बसते.

१९५६ हे वर्ष या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. या वर्षी सर्वभाषा कविसंमेलन सुरू झाले आणि नाटकांचा राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला. याच वर्षी बुद्धदेव बसू यांनी जादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्याचा विभाग स्थापन केला. आणि याच वर्षी, १ नोव्हेंबर रोजी, भाषावार राज्यपुनर्रचना अमलात आली. एकीकडे भाषा हा राज्याच्या सीमेचा आधार ठरत होता आणि दुसरीकडे भाषांच्या पलीकडची एकता उच्चारून दाखवण्याची निकड वाढत होती. मराठी भाषकांच्या दृष्टीने तर हे वर्ष संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे होते. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर होताच शहरात उद्रेक झाला, गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली. भाषा ही वस्तू केवळ सांस्कृतिक अलंकार नाही, याचा प्रत्यय राज्यकर्त्यांना येत असताना त्याच भाषांना एका व्यासपीठावर बसवणारा कार्यक्रम आकाशवाणीने सुरू केला.

राजभाषेचा प्रश्नही याच वर्षी धगधगत होता. बाळासाहेब खेर यांच्या अध्यक्षतेखालील राजभाषा आयोगाने १९५६ साली आपला अहवाल दिला. त्याला सुनीतिकुमार चटर्जी आणि पी. सुब्बरायन यांनी आपली भिन्नमतपत्रिका जोडली. भारतीय भाषांचा एवढा मोठा अभ्यासक हिंदीच्या घाईविषयी साशंक असावा, ही गोष्ट तौलनिक अभ्यासकाने नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

३. कार्यक्रमाची रचना

कार्यक्रमाचे स्वरूप वरवर पाहता साधे आहे. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील प्रत्येक भाषेतून कवी निमंत्रित केला जातो. तो आपली कविता मूळ भाषेत वाचतो आणि पाठोपाठ तिचा हिंदी पद्यानुवाद सादर होतो. हा अनुवाद बहुधा हिंदी कवीने केलेला असतो. श्रोत्यांसमोर झालेल्या या संमेलनाचे ध्वनिमुद्रण २५ जानेवारीच्या रात्री देशभरातील केंद्रांवरून प्रसारित होते. त्याला जोडून प्रादेशिक केंद्रे या कवितांचे आपापल्या भाषांतील अनुवाद ऐकवतात. म्हणजे एकाच कवितेचे तीन अवतार संभवतात : कवीच्या आवाजातील मूळ, दिल्लीमान्य हिंदी रूप आणि प्रादेशिक केंद्रावरील तिसऱ्या भाषेतील रूप.

नाटकांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाशी तुलना केल्यास या रचनेचे वेगळेपण स्पष्ट होते. तेथे एका भाषेतील नाटक निवडून त्याचे विविध भाषांत अनुवाद केले जात आणि प्रत्येक केंद्र आपल्या भाषेतील प्रयोग प्रसारित करी. श्रोत्याला मूळ भाषेचा स्पर्शही होत नसे. आशय सार्वत्रिक होई आणि भाषा अदृश्य होई. सर्वभाषा कविसंमेलनात मात्र मूळ भाषा प्रथम ऐकू येते. ती न समजणाऱ्या श्रोत्यालाही ती ऐकावी लागते.

प्रसारणाची वेळही अर्थवाही आहे. त्याच संध्याकाळी राष्ट्रपतींचे राष्ट्राला उद्देशून केलेले भाषण प्रसारित होते. राज्यसंस्थेचा एकमुखी आवाज संपल्यानंतर काही तासांनी कवींचा बहुमुखी आवाज ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी राजपथावर, म्हणजे २०२२ पासूनच्या कर्तव्यपथावर, राज्यांचे चित्ररथ क्रमाने जातात. कविसंमेलन हे या चित्ररथांचे श्राव्य पूर्वरूप आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. भाषेमागून भाषा, प्रत्येकीला जवळपास सारखा वेळ. परंतु चित्ररथ आणि कविता यांत एक मूलभूत फरक आहे. चित्ररथ काय दाखवणार, हे पूर्णतः ठरवता येते. कविता काय सांगेल, हे तितक्या खात्रीने ठरवता येत नाही. निमंत्रण देणारी संस्था शासनाची असल्याने निवडीवर तिचा प्रभाव राहणार, हे उघड आहे. आणीबाणीच्या काळात, १९७५ ते १९७७ या दरम्यान, आकाशवाणी सरकारचे मुखपत्र बनली होती. त्याच काळात, डिसेंबर १९७५ मध्ये, कऱ्हाडच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याचा प्रश्न जाहीरपणे उपस्थित केला होता. साहित्यसंस्थेच्या व्यासपीठाला जे शक्य होते ते शासकीय नभोवाणीच्या व्यासपीठाला शक्य नव्हते, ही या कार्यक्रमाची मर्यादा मान्य करूनच पुढील विवेचन करणे योग्य ठरेल.

४. सेतुभाषेचे गणित

हिंदीला मध्यस्थ करण्याचा निर्णय राजकीय होता, तसा तो व्यावहारिकही होता. आठव्या अनुसूचीत प्रारंभी १४ भाषा होत्या. प्रत्येक भाषेतून अन्य प्रत्येक भाषेत थेट अनुवाद करायचा ठरवल्यास अनुवादाच्या १८२ दिशा होतात. एका भाषेला सेतू मानले की हे काम १३ अधिक १३, म्हणजे २६ दिशांत आटोपते. आज २२ भाषांसाठी थेट अनुवादाच्या ४६२ दिशा होतील, सेतुभाषेच्या साहाय्याने ४२ पुरतात. बोडोतून मल्याळममध्ये किंवा काश्मिरीतून कोंकणीत थेट काव्यानुवाद करू शकणारी व्यक्ती दरवर्षी शोधणे किती दुर्घट आहे, हे सांगावयास नको.

तथापि या बचतीची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न उरतोच. सेतुभाषेच्या योजनेत हिंदीचे स्थान दुहेरी आहे. ती सहभागी भाषांपैकी एक आहे आणि सर्व भाषांचे माध्यमही आहे. हिंदी कवितेला अनुवादाच्या चाळणीतून जावे लागत नाही आणि उरलेल्या सर्व कवितांना जावे लागते. परिणामी अखिल भारतीय श्रोत्यापुढे 'भारतीय कविता' म्हणून जी उभी राहते, तिची शब्दकळा, प्रतिमांची ठेवण आणि वाक्यांची लय मोठ्या प्रमाणात समकालीन हिंदी कवितेची असते. भिन्न भाषांतील कवितांत साम्य जाणवले, तर ते मूळ कवितांचे साम्य आहे की अनुवादाच्या समान माध्यमाने निर्माण केलेला तो आभास आहे, हे तपासल्याखेरीज तौलनिक निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल.

या योजनेला राजकीय ताणही सोसावा लागला. राज्यघटनेनुसार २६ जानेवारी १९६५ पासून हिंदी ही संघराज्याची प्रमुख राजभाषा होणार होती. ज्या तारखेशी हा कार्यक्रम जोडलेला आहे त्याच २५ जानेवारी रोजी, १९६५ साली, मदुराईत हिंदीविरोधी आंदोलनाचा भडका उडाला. 'आकाशवाणी' या नावालाही तमिळ भाषकांचा विरोध झाला होता. त्यांच्याकडे 'वानोलि' हा शब्द रूढ होता. तमिळ कवितेचा हिंदी अनुवाद हा काव्यव्यवहार असला, तरी अशा काळात तो निव्वळ काव्यव्यवहार राहत नाही.

येथे साने गुरुजींच्या 'आंतरभारती'ची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९४९ च्या पुणे येथील साहित्य संमेलनात त्यांनी ही कल्पना मांडली. तिच्या मुळाशी व्यक्तींनी परस्परांच्या भाषा शिकाव्यात, ही अपेक्षा होती. तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात असताना गुरुजींनी स्वतः तमिळचा अभ्यास केला आणि पुढे 'कुरल'चा मराठी अनुवाद केला. मामा वरेरकरांनी शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या थेट बंगालीतून मराठीत आणल्या. आंतरभारतीची वाट एका भाषेच्या दारातून दुसऱ्या भाषेच्या अंगणात जाणारी आहे, तर सर्वभाषा कविसंमेलनाची वाट राजधानीच्या चौकातून जाते. पहिली वाट संथ आणि व्यक्तिनिष्ठ आहे, दुसरी वेगवान आणि संस्थात्मक आहे. दोहोंना भारतीयत्वाचीच ओढ आहे, परंतु त्यांतून घडणारे भारतीयत्व एक नाही.

५. 'आपण', 'आम्ही' आणि 'हम'

सेतुभाषेमुळे नेमके काय हरवते, याचे उत्तर 'काव्याचा आत्मा हरवतो' अशा मोघम शब्दांत देऊन भागणार नाही. व्याकरणाच्या पातळीवर काही ठोस उदाहरणे दाखवता येतात.

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. 'आपण' या रूपात श्रोत्याचा समावेश होतो, 'आम्ही' या रूपात तो वगळला जातो. गुजरातीत 'आपणे' आणि 'अमे', तेलुगूत 'मनम्' आणि 'मेमु', तमिळमध्ये 'नाम्' आणि 'नाङ्गळ्' असाच भेद आहे. मल्याळममध्येही तो आहे. संथाळीत तर द्विवचन आणि बहुवचन या दोहोंत हा भेद पाळला जातो आणि एकूण चार रूपे होतात. हिंदी आणि उर्दूत मात्र एकच 'हम' आहे. बंगाली, नेपाळी व आधुनिक कन्नड यांतही एकाच रूपावर भागते.

प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येच्या कवितेत 'आपण कोण' हा प्रश्न मध्यवर्ती असणे स्वाभाविक आहे. दलित कवितेतील 'आम्ही' हे सर्वनाम उदाहरणादाखल घेता येईल. त्या 'आम्ही'त सवर्ण श्रोता नाही. तो वगळलेला आहे आणि त्याला उद्देशूनच कविता बोलते आहे. हा 'आम्ही' हिंदीत 'हम' होतो, तेव्हा त्यातील आरोपाची धार संदर्भावर अवलंबून राहते आणि ऐकणारा स्वतःलाही सहज त्या 'हम'मध्ये सामावून घेऊ शकतो. उलट, 'आपण'मधून दिलेली सर्वसमावेशक हाकही हिंदीत निश्चित राहत नाही. पुढे प्रादेशिक केंद्रावर हिंदी पाठावरून अनुवाद करणाऱ्या तेलुगू अनुवादकाला 'मनम्' की 'मेमु', हा निर्णय घ्यावाच लागतो. ज्या मराठी कवितेत तो निर्णय कवीने स्पष्टपणे घेतलेला होता, त्याच निर्णयाविषयी तेलुगू अनुवादकाला अंदाज करावा लागतो. दोन्ही टोकांच्या भाषांत जे होते ते मधल्या पुलावर उतरवून ठेवावे लागते. संपूर्ण राष्ट्राचा 'आपण' उच्चारण्यासाठी योजलेल्या कार्यक्रमाची सेतुभाषा समावेशक आणि व्यावर्तक 'आपण' यांत भेदच करत नाही, ही या रचनेतील सर्वांत विचारप्रवर्तक विसंगती आहे.

लिंगव्यवस्थेचे उदाहरणही असेच बोलके आहे. बंगाली आणि असमिया क्रियापदाला लिंग नाही. बंगालीतील 'से' हे सर्वनाम स्त्री, पुरुष किंवा परमेश्वर कोणासाठीही चालते. भक्ती आणि प्रेम यांच्या सीमारेषेवर वावरणाऱ्या कवितेला ही संदिग्धता पोषक ठरते. मल्याळम क्रियापद तर पुरुषानुसारही बदलत नाही. हिंदीत येताच बहुतेक काळांत लिंग निश्चित करावे लागते आणि संदिग्धता मावळते. मराठीकडून हिंदीकडे जाताना नुकसान वेगळ्या प्रकारचे होते. मराठीत नपुंसकलिंग आहे. 'लेकरू', 'पाखरू', 'वासरू' यांतील वात्सल्य त्या लिंगाशी निगडित आहे. हिंदीच्या दोन लिंगांत त्याला जागा नाही.

उर्दूची अडचण याहून निराळी. उर्दू कवितेचा 'हिंदी अनुवाद' म्हणजे काय? व्याकरण बहुतांशी समान, लिपीचा प्रश्न श्राव्य माध्यमात उद्भवतच नाही. मग अनुवाद म्हणजे फारसी-अरबी शब्दांच्या जागी संस्कृतोद्भव शब्द योजणे, एवढेच उरते. शब्द बदलताच गझलेचा रदीफ आणि काफिया कोसळण्याचा धोका संभवतो. दोन भाषा किती दूर आहेत हे अनुवाद दाखवून देतो, असे सामान्यतः मानले जाते. येथे अनुवादाची कृतीच ते अंतर निर्माण करते.

६. ऐकू येणारी कविता

सेतुभाषेची ही टीका ग्राह्य धरूनही कार्यक्रमाचे मूल्य शिल्लक राहते. त्याचे कारण माध्यमाच्या स्वरूपात आहे. छापील संकलनात अनुवाद मूळ कवितेची जागा घेतो. लिपी वाचता न आल्यास वाचक मूळ पाठ ओलांडून पुढे जातो. नभोवाणीवर तसे करता येत नाही. अनुवादापूर्वी काही मिनिटे मूळ कविता ऐकावीच लागते आणि अर्थ कळत नसताना कान अन्य गोष्टी टिपू लागतो.

या गोष्टी गौण नाहीत. मल्याळम परंपरेत कविता वृत्ताच्या चालीवर म्हणण्याची रीत रुजलेली आहे. उर्दू मुशायऱ्यात 'तरन्नुम' आणि 'तहत' अशा वाचनाच्या दोन शैली आहेत आणि श्रोत्यांची दाद हा त्या पाठाचाच घटक असतो. बंगाली आवृत्तीची स्वतंत्र कला आहे. मराठीत विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी काव्यवाचनाचा जो घाट घडवला, त्यात गेय चालीपेक्षा बोलण्याच्या लयीवर भर होता. अभंगातील आखूड चरण अथवा ओवीचा शेवटचा तुटका चरण अनुवादात पोहोचत नाही, परंतु ध्वनिरूपाने तो कानावर पडतो. एकाच रात्री या सर्व रीती क्रमाने ऐकणाऱ्या श्रोत्याला भारतीय कवितेचे तौलनिक छंदःशास्त्र प्रत्यक्ष अनुभवास येते. विदर्भातील अथवा कोंकणातील एखाद्या खेड्यात मणिपुरी किंवा असमिया कवीचा आवाज पोहोचण्याचा दुसरा मार्ग दीर्घकाळ उपलब्ध नव्हता.

याच्याशी एक प्रश्न निगडित आहे. अनुवादसुलभ कवितेची निवड होण्याकडे अशा रचनेचा कल असतो काय? मुक्तछंदातील, प्रतिमाप्रधान आणि सर्वपरिचित विषयावरील कविता सेतुभाषेतून सहज पार होते. बोलीच्या अंगाने जाणारी, श्लेषावर उभी असलेली किंवा स्थानिक संदर्भांनी गच्च भरलेली कविता अडते. बहिणाबाई चौधरींची अहिराणी-लेवा वळणाची ओवी किंवा नामदेव ढसाळांची कामाठीपुऱ्यातील शब्दकळा अशा व्यासपीठावर कितपत टिकू शकेल, याची कल्पना करून पाहावी. प्रमाण मराठीतून प्रमाण हिंदीत होणारा प्रवास दोन मानक भाषांमधला असतो. बोली त्यातून दोनदा गळते.

७. अनुसूची आणि तिच्या बाहेरचे

कार्यक्रमाच्या नावातील 'सर्वभाषा' हा शब्द साहित्यिक नव्हे, तर घटनात्मक अर्थाने घ्यावा लागतो. आठव्या अनुसूचीत १९६७ साली सिंधीची भर पडली. १९९२ साली कोंकणी, मणिपुरी आणि नेपाळी समाविष्ट झाल्या. २००३ च्या घटनादुरुस्तीने बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाळी या भाषांना स्थान मिळाले. १४ पासून २२ पर्यंतचा हा विस्तार कविसंमेलनाच्या विस्ताराचेही माप आहे.

साहित्य अकादमी मात्र २४ भाषांना मान्यता देते. त्यांत इंग्रजी आणि राजस्थानी या अनुसूचीबाह्य भाषा आहेत. दोन राष्ट्रीय संस्थांच्या याद्यांमधील या तफावतीत इतिहास दडलेला आहे. मैथिलीला अकादमीची मान्यता १९६५ साली मिळाली. नागार्जुन यांना १९६८ चा अकादमी पुरस्कार 'यात्री' या नावाने लिहिलेल्या मैथिली कवितेसाठी मिळाला. परंतु मैथिली अनुसूचीत येण्यास २००३ साल उजाडावे लागले. बा. भ. बोरकर मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषांचे श्रेष्ठ कवी होते आणि आकाशवाणीच्या सेवेतही होते. तथापि १९८४ साली त्यांचे निधन झाले तोपर्यंत कोंकणीला अनुसूचीत जागा नव्हती. एकाच कवीची एक भाषा घटनेच्या यादीत आणि दुसरी यादीबाहेर, अशी ही स्थिती होती. अरुण कोलटकर किंवा दिलीप चित्रे यांच्यासारख्या द्वैभाषिक कवींना अशा व्यासपीठावर मराठीच्याच दाराने प्रवेश मिळू शकतो. त्यांची इंग्रजी कविता, उदाहरणार्थ १९७६ चे 'जेजुरी', या 'सर्व' भाषांत मोडत नाही.

सिंधीचे उदाहरण आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. भाषावार प्रांतरचनेत तिला स्वतःचे राज्य मिळाले नाही. संस्कृत आणि उर्दू यांचेही एका विशिष्ट राज्याशी समीकरण मांडता येत नाही. चित्ररथांच्या संचलनात जागा मिळवण्यासाठी राज्य असावे लागते, कविसंमेलनात भाषा पुरते. भूमी नसलेल्या भाषेला केवळ आवाजाच्या आधारे राष्ट्रीय व्यासपीठ मिळणे, हे या कार्यक्रमाचे कमी चर्चिले गेलेले योगदान होय. त्याच न्यायाने तुळू, भोजपुरी, गोंडी किंवा भिली यांचे मौन अधिक ठळक होते. या भाषांतील कार्यक्रम आकाशवाणीच्या स्थानिक केंद्रांवरून होऊ शकतात. २५ जानेवारीच्या रात्री मात्र त्यांना स्थान नसते.

८. समारोप

नोव्हेंबर १९९७ मध्ये प्रसार भारती हे स्वायत्त महामंडळ अस्तित्वात आले आणि २०२३ साली 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मागे पडून 'आकाशवाणी' हेच नाव अधिकृतपणे वापरण्याचे ठरले. दूरचित्रवाणी आणि त्यानंतर आंतरजाल यांमुळे नभोवाणीचा श्रोतृवर्ग पालटला. या सर्व स्थित्यंतरांतून सर्वभाषा कविसंमेलन टिकले. त्याच्या टिकण्याचे श्रेय लोकप्रियतेला देता येणार नाही. राष्ट्रीय विधी म्हणून त्याला प्राप्त झालेल्या स्थानाला ते द्यावे लागते.

प्रस्तुत विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की हा कार्यक्रम भारतीय साहित्याच्या एकतेचा पुरावा मानता येत नाही, कारण त्यातून जाणवणारी एकता काही अंशी सेतुभाषेने घडवलेली आहे. दुसरा असा, की त्याला भाषिक वर्चस्वाचे निव्वळ साधन मानणेही एकांगी आहे, कारण मूळ भाषेतील वाचनाला अग्रक्रम देणाऱ्या रचनेमुळे प्रत्येक भाषेचा अनुवादातीत अंश जपला जातो. तिसरा निष्कर्ष व्यवहाराशी संबंधित आहे. ४६२ दिशांचे थेट अनुवाद अशक्य असले, तरी काही दिशा आजही सहजसाध्य आहेत. मराठी आणि कन्नड, मराठी आणि गुजराती, मराठी आणि तेलुगू, मराठी आणि कोंकणी या शेजारभाषांत द्वैभाषिकांची परंपरा शतकानुशतकांची आहे. सोलापूर, बेळगाव, नांदेड, पणजी येथे असे अनुवादक सापडणे कठीण नाही. प्रादेशिक केंद्रांनी किमान शेजारभाषांतील कवितांचे अनुवाद हिंदी पाठावरून न करता मूळ पाठावरून करवून घेतल्यास 'आपण' आणि 'आम्ही' यांतील भेदासारखे कितीतरी सूक्ष्म भेद वाचू शकतील.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांपुढेही यातून एक काम उभे राहते. मूळ कविता, तिचा हिंदी अनुवाद आणि प्रादेशिक अनुवाद हे तिन्ही पाठ शेजारी ठेवून वाचणे आणि त्यांबरोबर ध्वनिमुद्रण ऐकणे, अशी चौपदरी अभ्याससामग्री अन्य कोणत्याही भारतीय संस्थेच्या कार्यातून इतक्या नियमितपणे निर्माण झालेली दिसत नाही. १९५६ पासूनच्या या सामग्रीचे जतन आणि संपादन झाले, तर भारतीय भाषांनी परस्परांना कसे ऐकले आणि कसे चुकीचे ऐकले, याचा क्रमवार इतिहास लिहिता येईल. त्या इतिहासात अनुवादाइतकेच महत्त्व अनुवादापूर्वीच्या त्या काही मिनिटांना द्यावे लागेल. त्या मिनिटांत श्रोत्याला कविता कळत नसते, तरीही ती कविता आहे एवढे त्याला निश्चितपणे कळत असते.